संघातील शेवटची जागा

सरकारी आस्थापनेप्रमाणे धंदेवाईक संघातही जागा मोजक्याच असतात. पहिल्या पाचांविषयी वाद क्वचितच होतो. खरा पेच शेवटच्या जागेचा. न्यूयॉर्कच्या निक्स या बास्केटबॉल संघाचा इतिहास चाळताना आम्हांस ती दोनदा भेटली.

१९४७ साली या संघाने वॅट मिसाका यास घेतले. यूटा राज्यात जन्मलेला हा जपानी आईबापांचा मुलगा. उंची अवघी पाच फूट सात इंच. १९४४ व १९४७ साली यूटा विद्यापीठाने मिळविलेल्या अजिंक्यपदांत त्याचा वाटा होता. मधल्या काळात अमेरिकन लष्करातून जाऊन त्याने उद्ध्वस्त हिरोशिमाही पाहिले. ज्या देशाने युद्धकाळी जपानी वंशाच्या सहस्रावधी नागरिकांना छावण्यांत डांबले, तेथील प्रमुख धंदेवाईक लीगमधील तो पहिला गोरेतर खेळाडू. पण तीन सामने, सात गुण, आणि नाव कमी! वर्णद्वेषाची तक्रार त्याने स्वतः केली नाही. तो इंजिनिअर झाला. तीन सामन्यांत माणसाची पारख होते काय, हे आम्हांस मात्र कोडेच आहे.

पुढे त्याच संघात जेरेमी लिन आला. तैवानी आईबापांचा हा मुलगा दोन संघांनी सोडलेला, बाकाच्या टोकाशी बसणारा. त्याचा करार १० फेब्रुवारी २०१२ रोजी पक्का व्हावयाचा होता. तत्पूर्वी त्यास वगळण्याचा विचार चालू होता. ४ तारखेस नाइलाजाने मैदानात उतरविले, तेव्हा त्याने २५ गुण केले. १० तारखेस लेकर्सविरुद्ध ३८. मिसाका त्या वेळी ८८ वर्षांचा होता.