पत्ता आणि पान: ४११०३७ ते जँगो

बिबवेवाडीत बसून वेबच्या पत्त्यांचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात ४११०३७ पासूनच करू. आपण, मार्केट यार्ड, गुलटेकडी, सगळ्यांचा पिनकोड हाच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. ती आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते, आणि एरवी संस्कृतचे कवी. त्याआधी टपाल निवडणाऱ्याला गावंच्या गावं तोंडपाठ लागायची. शिवाजीनगर पुण्यातही आहे नि बंगळुरातही. शिवाय पत्ता कुठल्या लिपीत येईल याचा नेम नाही.

आता आकडे कसे वाचतात बघा. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्याचा. ४११ म्हणजे पुणे. कोलकात्यातल्या माणसाला बिबवेवाडी ठाऊक असायची गरजच नाही. त्यानं पुण्याची थैली भरायची. ०३७ चं काय ते पुण्यातली मंडळी बघतील.

वेबला हे शहाणपण उशिरा आलं. १९९० च्या दशकात पत्ता म्हणजे बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या फाइलचा रस्ताच असे. फाइल दुसऱ्या फोल्डरात गेली, की पत्ता मेला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं, की पत्ते बदलू नका. पण फाइल आणि पत्ता एकमेकांना बांधलेले असताना ते पाळायचं कसं?

ती गाठ सोडवणाऱ्यांत जँगो हे फ्रेमवर्क येतं. ते जन्मलं अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, आणि जुलै २००५ मध्ये सर्वांना खुलं झालं. वर्तमानपत्रातून यावं हे आम्हाला साहजिक वाटतं: बातमी उद्या शिळी होते, पण तिचा दुवा कुणीतरी कुठेतरी देऊन ठेवलेला असतो.

जँगोत पत्त्यांची एक यादी असते. समोर फाइल नसते, तर उत्तर देणारं फंक्शन असतं. 'इन्क्लूड' लिहिलं, की जुळलेला पुढचा भाग कापून उरलेला दुसऱ्या यादीकडे जातो. कोलकात्यानं पुण्याकडे थैली धाडावी, तसंच. फरक एवढाच, की इथे यादी वरून खाली वाचतात आणि पहिली जुळणी झाली की थांबतात. 'लेख/कोणतंही-नाव' ही ओळ वर आणि 'लेख/नवीन' खाली ठेवलं, तर 'नवीन' हेच एका लेखाचं नाव समजलं जातं. खालच्या ओळीपर्यंत कुणी पोचतच नाही. नवशिक्यांचे तासन्‌तास यात जातात.

काहीच जुळलं नाही तर ४०४. टपालखात्यात निदान रिटर्न लेटर ऑफिस असतं, तिथे माणूस पाकीट उघडून पाठवणारा शोधतो. वेबवर तसं कुणी नाही. मराठी विकिपीडियाच्या तळटीपा उघडून बघा, 'मृत दुवा' असे शेरे सापडतील. त्यांतल्या कित्येक बातम्या कुठल्यातरी सर्व्हरवर अजून असतीलही. साइट नवी करताना जुन्या पत्त्याची ओळ तेवढी पुसली गेली. तिच्या जागी ३०१ ची, म्हणजे 'मुक्काम कायमचा हलवला' असं सांगणारी, एक ओळ पुरली असती.