अजिंठ्याच्या नकलांची कथा

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांतील एका खांबावर, रंगविलेल्या आकृतीच्या अंगावरच, ओरखडून ठेवलेलें एक इंग्रजी नांव आजहि दिसतें. नांव आहे जॉन स्मिथ; त्याच्या जोडीला त्याच्या घोडदळाचा क्रमांक आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख. पेशवाई बुडून तेव्हां अवघें एक वर्ष लोटलें होतें. मद्रासकडील फौजेंतला हा अधिकारी शिकारीच्या निमित्तानें त्या रानांत आला होता. आज तें नांव पाहणाराच्या डोक्याहून बरेंच उंच आहे. कारण स्मिथ जिच्यावर उभा होता ती लेण्याची जमीन नव्हतीच, तो शतकानुशतकें आंत सांचलेल्या दगडमातीचा ढीग होता. आसपासच्या रानांत वावरणारांना हीं लेणीं ठाऊक होतीं. परंतु बाहेरच्या जगाची आणि त्या चित्रांची पहिली गांठ पडली ती अशी, चित्रावर आपलें नांव कोरणाऱ्या हातानें. त्यानंतरच्या शंभर वर्षांत आणखी पुष्कळ हात या भिंतींकडे वळले, आणि त्यांतले कित्येक तर चित्रें वाचविण्यासाठींच पुढें आलेले होते. त्यांच्या कष्टांचें काय झालें, ही कथा चित्रांतल्या जातककथांइतकीच ऐकण्यासारखी आहे.

अजिंठ्याच्या डोंगरांत वाघूर नदीनें घोड्याच्या नालासारखें एक वळण घेतलें आहे. त्या वळणावरच्या काळ्या कातळांत लहानमोठीं तीस लेणीं खोदलेलीं आहेत. त्यांतलीं थोडीं ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतलीं. बाकीचीं बहुतेक वाकाटकांच्या अमदानींत, पांचव्या शतकांत झालीं. सोळावें लेणें हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव यानें भिक्षुसंघाला अर्पण केलें, असें तेथील शिलालेखच सांगतो. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि बोधिसत्त्व, सतराव्यांतील विश्वंतर राजपुत्राची दानकथा, आणि पति नंद भिक्षु झाल्याचें कळतांच मूर्च्छित होणारी सोळाव्या लेण्यांतील सुंदरी, हीं चित्रें आज जगाला परिचित आहेत. परंतु ज्या भिंतीवर तीं आहेत ती किती नाजूक आहे, याची कल्पना पाहणाराला सहसा येत नाहीं.

युरोपांत ज्याला फ्रेस्को म्हणतात त्यांत ओल्या चुन्यावर रंग देतात, आणि चुना सुकतांना रंग त्याच्याशीं एकजीव होतो. अजिंठ्याची रीत निराळी. तेथें खडबडीत कातळावर आधीं मातीचा गिलावा चढविला आहे. त्या मातींत भाताचें तूस, गवताचे धागे व वाळू मिसळलेली आहे. गिलावा गुळगुळीत झाल्यावर त्याच्यावर पांढरा पातळ थर, आणि तो सुकल्यानंतर डिंकासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग. तांबडा गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती, एक हिरवट दगड, आणि दूर बदकशानच्या खाणींतून आलेला निळा लाजवर्द, एवढ्याच सामग्रीवर हें सारें वैभव उभें आहे. हा रंग भिंतींत मुरलेला नसून भिंतीवर बसलेला आहे. पावसाळी ओल, वटवाघळांची विष्ठा, गिलाव्यांतलें तूस खाणारे किडे, चुलीचा धूर, यांपैकीं कांहींहि त्याला पुरेसें होतें. शिवाय आरंभींच्या प्रवाशांपैकीं कित्येकांनीं आठवण म्हणून चित्रांचे तुकडेच भिंतींतून काढून नेले. तसा एक तुकडा आज अमेरिकेंत, बोस्टनच्या संग्रहालयांत आहे.

जेम्स फर्ग्युसन हा वास्तुशास्त्राचा अभ्यासक १८३९ सालीं येथें येऊन गेला. त्यानें १८४३ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें भारतांतील लेण्यांविषयीं निबंध वाचला, आणि हीं चित्रें नष्ट होण्यापूर्वीं त्यांच्या नकला करून घ्याव्या ही गोष्ट ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या मनावर ठसली. लेणीं निजामाच्या मुलुखांत होतीं. तरीहि कंपनीनें १८४४ सालीं मद्रास फौजेंतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला त्या कामावर नेमलें.

गिलनें अजिंठा गांवांतल्या जुन्या बारादरींत बिऱ्हाड केलें. मूळ चित्रांएवढ्या मोठ्या कापडावर तैलरंगांत नकला करावयाच्या, त्याहि लेण्यांतल्या अंधुक उजेडांत, हें काम वर्षा-दोन वर्षांत उरकणारें नव्हतें. तें सुमारें एकोणीस वर्षें चाललें. पारो नांवाची एक स्थानिक स्त्री त्याच्या जीवनांत आली होती. १८५६ च्या मे महिन्यांत ती पटकीनें वारली. गिलनें तिच्या थडग्यावर बसविलेला लेख त्या गांवांत आहे. तिच्या मागेंहि त्याचें काम सुरूच राहिलें. पुढें त्यानें कॅमेराहि हातीं घेतला, आणि त्याचीं छायाचित्रें १८६४ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. परंतु त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग टिपतां येत नव्हते. रंगांची साक्ष द्यावयाची तर ती गिलच्या कुंचल्यानेंच.

त्याच्या पंचवीसांहून अधिक भव्य नकला लंडनला पोंचल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या कांचेच्या प्रचंड मंदिरांत मांडल्या गेल्या. सातासमुद्रांपलीकडे, साम्राज्याच्या राजधानींत, वटवाघळांपासून आणि पावसापासून दूर, याहून सुरक्षित जागा त्या काळीं कोणाला सुचली असती? १८६६ च्या डिसेंबरांत त्या इमारतीला आग लागली. चार-पांच चित्रें वगळतां गिलचें सारें आयुष्यकार्य त्या आगींत भस्म झालें. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

नकला जळाल्या तशी ती निकड पुन्हां उभी राहिली, आणि या वेळीं ती मुंबईनें उचलली. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतील चित्रकलेचे अध्यापक जॉन ग्रिफिथ्स १८७२ सालीं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास गेले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत यांसारखे तरुण त्या मंडळींत होते. ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिमांवरून हात बसविलेल्या या मुलांना आतां आपल्याच देशांतल्या एका अनामिक चित्रकाराच्या रेषेमागून आपली रेषा न्यावयाची होती. आंखीव मापाच्या त्या शिक्षणांत न शिकविलेली एक गोष्ट येथें त्यांना दिसली: एकाच वळणदार रेषेंत शरीराचा डौल आणि मनाची अवस्था दोन्ही कशीं सांठवतां येतात ती. मधल्या खंडासह हा उद्योग तेरा वर्षें चालला आणि सुमारें तीनशें नकला तयार झाल्या. सुंदरीच्या चित्रापुढें ग्रिफिथ्स स्वतः नतमस्तक झाले. करुण भाव प्रकट करण्यांत या चित्राला तोड नाहीं, असें त्यांचें मत होतें.

आणि तरीहि याच मंडळींच्या हातून एक अपकार घडला. धुळीनें व धुरानें मंदावलेलीं चित्रें नकलेसाठीं स्पष्ट दिसावींत म्हणून भिंतीवर रोगण चढविण्यांत आलें. रोगण लागतांच रंग उजळले, रेषा वर आल्या, काम सोपें झालें. परंतु जें रोगण त्या दिवशीं कांचेसारखें पारदर्शक होतें तें पुढें पिवळें पडलें, आणि त्याच्याखालीं धूळ कायमची कोंडली गेली.

इकडे नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे जात होत्या. १८८५ च्या जून महिन्यांत तेथील दालनांना आग लागली आणि शंभरांहून अधिक नकला जळून गेल्या. एकोणीस वर्षांच्या अंतरानें तेंच संकट त्याच शहरांत दुसऱ्यांदा ओढवलें. ग्रिफिथ्स यांनीं वांचलेल्या सामग्रीवरून १८९६ व १८९७ या सालीं दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि अजिंठ्याची कीर्ति विद्वानांच्या घरोघरीं पोंचली. वांचलेलीं मूळ कापडें मात्र लंडनच्या कोठारांत दीर्घकाळ पडून राहिलीं.

तिसरा मोठा प्रयत्न एका स्त्रीनें केला. लेडी ख्रिश्चियाना हेरिंगहॅम या इटलीच्या जुन्या चित्रपद्धतींच्या जाणकार होत्या. १९०९ ते १९११ या दोन हिंवाळ्यांत त्यांनीं अजिंठ्याला तंबू ठोकले. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा हे तरुण चित्रकार त्यांच्या मदतीला आले. हैदराबादेहून सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन आले. त्यांच्या नकलांचा संग्रह १९१५ सालीं लंडनच्या इंडिया सोसायटीनें छापला. परंतु लेडी हेरिंगहॅम यांना तो पुरा आनंदानें पाहतां आला नाहीं. मायदेशीं परततांच त्यांचें मानसिक स्वास्थ्य ढासळलें, आणि १९२९ सालीं मृत्यु येईपर्यंतचीं वर्षें त्यांनीं रुग्णालयांतच काढलीं. त्यांचे सहकारी मात्र अजिंठ्याची शिदोरी घेऊन आपापल्या वाटेनें गेले. नंदलालांच्या हातून पुढें शांतिनिकेतनांत एक सबंध पिढी घडली. सय्यद अहमद यांनीं तर त्या लेण्यांच्या देखरेखीलाच आयुष्य वाहिलें.

जपानी चित्रकार आराइ कांपो यांनींहि १९१७-१८ च्या सुमारास येथें बसून नकला केल्या. बौद्ध देशांतून आलेल्या या कलावंताच्या नकला टोकियोच्या विद्यापीठांत ठेवल्या होत्या. १९२३ च्या भयंकर भूकंपानें व त्यामागून पेटलेल्या आगीनें त्यांचाहि घांस घेतला.

याच सुमारास हैदराबाद संस्थानानें मूळ चित्रांकडेच लक्ष वळविलें होतें. १९१४ सालीं तेथें पुराणवस्तुखातें निघालें आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या प्रयत्नानें १९२० ते १९२२ या काळांत लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ अजिंठ्यास आले. त्यांनीं सुटूं पाहणारा गिलावा कातळाला पुन्हां घट्ट बसविला. तें काम झालें नसतें तर आज दिसणारीं कित्येक चित्रें जमिनीवर पडून मातीस मिळालीं असतीं. परंतु त्यांनींहि चित्रांच्या रक्षणासाठीं वरून चपड्याचें रोगण दिलें. तेंहि कालांतरानें काळवंडलें. पुढें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनीं हीं जुनीं रोगणें व त्यांत अडकलेली काजळी इंच-इंच उतरविण्याचें काम हातीं घेतलें. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून नवव्या-दहाव्या लेण्यांतील अतिप्राचीन चित्रांचे लोपलेले भाग त्यामुळें पुन्हां दृष्टीस पडूं लागले. पूर्वींच्यांनीं प्रेमानें जें वर चढविलें तें काढण्यांत मागाहून आलेल्यांचा जन्म गेला, असें हें नवल आहे.

या सर्व हकीकतीकडे एकत्र पाहिलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. ज्या राजधान्यांत चित्रांच्या नकला निर्भय राहतील असें वाटलें तेथें त्या तीनदां जळाल्या. आणि ज्या रानांत मूळ चित्रें नाश पावणार हें निश्चित समजलें गेलें, तेथें मातीचा तो गिलावा, झिजलेला कां होईना, अजून कातळाला धरून आहे. म्हणून गिल, ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांचे श्रम वायां गेले असें म्हणणें हा मात्र त्यांच्यावर अन्याय होईल. आगींतून वांचलेल्या कांहीं नकलांत असे भाग आहेत कीं जे भिंतीवरून आज नाहींसे झाले आहेत. तेवढ्यापुरती नकल हीच आतां मूळ होऊन बसली आहे. शिवाय नकल करतांना जो हात तयार होतो तो आगींत जळत नाहीं. पेस्तनजी बोमनजींपासून नंदलाल बोसांपर्यंतच्या चित्रकारांना अजिंठ्यानें जें दिलें तें कोणत्याहि कोठारांत नव्हतें.

चूक झाली असेल तर ती रक्षणाच्या घाईंत झाली. चित्र अधिक उजळ दिसावें, अधिक टिकावें, अधिक लोकांनीं पाहावें, या प्रत्येक इच्छेंत प्रेम होतें, आणि प्रत्येकीची किंमत भिंतीनें दिली. १९८३ सालीं युनेस्कोनें या लेण्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. आज तेथें चित्रांवर झगझगीत दिवा पाडण्यास मनाई आहे. दुरून आलेला प्रवासी आंत शिरतो तेव्हां प्रथम त्याला कांहींच दिसत नाहीं, आणि तो थोडा निराशहि होतो. मग हळूहळू डोळे सरावतात. अंधारांतून प्रथम एक खांदा, मग हातांतलें कमळ, आणि शेवटीं पद्मपाणीच्या खालीं वळलेल्या पापण्या उमटूं लागतात. दहाव्या लेण्यांत त्याच मंद उजेडांत खांबावरचें तें इंग्रजी नांवहि दिसतें. तें आतां कोणी पुसूं शकत नाहीं. पुसूं गेल्यास त्याच्या खालचें चित्रहि जाईल.