घरबसल्या डीजेइंग: स्ट्रीमिंगच्या गाण्यांवर कितपत शिकता येतं?

आमच्या बडनेऱ्यात 'डीजे' म्हटलं की डोळ्यांसमोर माणूस येत नाही. गाडीवर रचलेले बॉक्स आणि गरगर फिरणारे लाइट येतात. म्हणून मी घरी डीजेइंग शिकतोय म्हटल्यावर आईने पहिलं हेच विचारलं, "आता वरातीत वाजवशीन काय?" तर मुळात हे काम म्हणजे एक गाणं चालू असताना दुसरं हेडफोनवर ऐकायचं, त्याचा वेग जुळवायचा आणि नाचणाऱ्यांचे पाय न थांबवता गाणं बदलायचं.

पूर्वी यासाठी गाण्यांचा साठा लागायचा. आता डीजे सॉफ्टवेअरमध्ये आपल्या स्ट्रीमिंग खात्याने लॉगिन केलं की लाखो गाणी समोर येतात. पण ही सोय कंपन्यांच्या मर्जीवर चालते. स्पॉटिफायने जुलै २०२० मध्ये डीजे अ‍ॅप्सचा आधार काढून घेतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रेकॉर्डबॉक्स, सेराटो वगैरेंमध्ये परत दिला. अ‍ॅपल म्युझिकने मार्च २०२५ मध्ये याच दोन सॉफ्टवेअरना जोडणी दिली. बीटपोर्ट तर डीजेंसाठीच आहे, पण तिथे मराठी गाणी शोधू नका. सदस्यत्व घेण्याआधी आपल्या देशात आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती जोडणी चालते का, एवढं तपासा.

सामानात कंट्रोलर घेतलाच पाहिजे असं नाही, पण लॅपटॉपला आवाजाची वाट एकच असते. स्पीकरवर एक गाणं आणि हेडफोनवर दुसरं ऐकायला दोन वाटा लागतात. साध्या कंट्रोलरमध्ये साउंड कार्ड असतं, त्यावर हे जमतं. हेडफोन मात्र वायरचाच घ्या. ब्लूटूथवर आवाज साधारण ०.१ ते ०.२ सेकंद उशिरा येतो. १०० बीपीएमच्या गाण्यात एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे ०.२ सेकंदात ठोक्याचा तिसरा हिस्सा गेला. मग काय जुळवणार?

शिकताना 'सिंक'चं बटण विसरून जा, हे माझं स्पष्ट मत. एक गाणं १०० बीपीएमचं आणि दुसरं १०१ चं असेल, तर सुरुवात अचूक जुळवली तरी १५ सेकंदांत ती पाव ठोक्याने सरकतात. ढोलपथकात एकजण मागे राहिला की जसं ऐकू येतं, अगदी तसंच. हे कानाला पकडता आलं की अर्धं काम झालं. १०० चं गाणं १०४ ला न्यायचं तर वेग ४ टक्के वाढवायचा. वेग साधारण ६ टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणून गायकाचा आवाज बिघडू नये यासाठी 'की लॉक' चालू ठेवतात.

खरी गंमत आपल्या गाण्यांत आहे. सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांची जाळी टाकतं आणि सहसा चार-चारचा हिशेब धरतं. जुन्या गाण्यांत माणसांनी ढोलकी-तबला प्रत्यक्ष वाजवलाय, लय थोडी पुढे-मागे होते आणि जाळी दीड मिनिटात घसरते. सहा मात्रांच्या दादऱ्यात तर बीपीएमचा आकडाच कधी कधी चुकतो. ७० च्या जागी १४० दिसणं हेही नेहमीचंच. मी हेडफोन लावून, पायाने ठेका धरत हातानेच बीपीएम 'टॅप' करतो. वेळ जातो, पण लय कळते.

आता स्ट्रीमिंग कुठे अडतं ते. स्ट्रीमिंगची गाणी वाजत असताना बहुतेक सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग करू देत नाहीत, म्हणजे स्वतःची चूक नंतर ऐकता येत नाही. शिकणाऱ्यासाठी हा मोठाच तोटा. गायन आणि वाद्यं वेगळी करणारं 'स्टेम्स'ही अनेकदा बंद असतं. आणि नेट गेलं की पुढचं गाणं लोडच होत नाही.

हे मी मावसभावाच्या हळदीत शिकलो. घरी महिनाभर सराव मस्त झाला होता. मंडपात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावला. पाहुणे वाढले, प्रत्येकाच्या हातात फोन, नेट रांगायला लागलं. चालू गाणं आधीच लोड झालेलं, ते पूर्ण वाजलं. पुढचं आलंच नाही. नाचणारे हात वर करून तसेच उभे, आणि मागून मामांचा आवाज, "काऊन रे, बंद काऊन झालं?" शेवटी एका पोराच्या फोनमधली गाणी वायरने लावली. रात्रभर तीच पंधरा गाणी.

नेट चाललं असतं तरी एक मुद्दा उरतोच. आपलं सदस्यत्व वैयक्तिक वापरासाठी असतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेल्या सोहळ्यांना सवलत आहे खरी, पण ती कायद्यातली. अ‍ॅपच्या अटी म्हणजे तुमचा त्या कंपनीशी वेगळा करार, त्या सवलतीने तो मोडत नाही.

सध्या मी असं करतो: नवीन गाणी स्ट्रीमिंगवर चाळतो, कोणतं कोणाला जुळतं ते वहीत लिहितो आणि जी खरंच लागतात ती विकत घेऊन पेनड्राइव्हवर ठेवतो. ती मिक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वाजवतो. त्यात स्ट्रीमिंगची जोडणी नाही, पण रेकॉर्डिंग होतं. परवा स्वतःचा पहिला अर्धा तास ऐकला. सात बदलांपैकी दोन जमलेत.