डॉलर-स्पॉट रोग व हिरवळीच्या गवताची पैदास

गोल्फ मैदानांवरील क्रीपिंग बेंटग्रास या गवताला होणारा बुरशीजन्य रोग. चांदीच्या डॉलरएवढे वाळके, फिकट ठिपके पडतात, म्हणून हे नाव. बुरशीनाशकांच्या वारंवार फवारण्यांनी तो आटोक्यात येतो. पण त्यांना न जुमानणारी बुरशीही निपजते. म्हणून गवताचा वाणच कणखर करणे हा खरा उपाय होय. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील रटगर्स विद्यापीठात जुन्या मैदानांवर तगून राहिलेली झाडे गोळा करतात, त्यांवर मुद्दाम बुरशी सोडतात आणि टिकलेल्या झाडांचा आपसांत संकर करतात. गवत परपरागित असल्याने वाण म्हणजे एका झाडाचा वंश नसतो, अनेक निवडक जनकांची मिश्र संतती असते. प्रतिकारशक्ती अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने ती पिढ्यागणिक थोडीथोडीच वाढते. रोगापासून पूर्ण मुक्ती मिळत नाही. ‘डिक्लरेशन’ हा यांतला उल्लेखनीय वाण. फाइन फेस्क्यू गवतात मात्र एपिक्लोई ही सहजीवी बुरशीच रोगकारक बुरशीपासून संरक्षण देते व बियांतून पुढच्या पिढीत जाते, ही मोठी विलक्षण गोष्ट. रटगर्सचे पैदासकार सी. रीड फंक यांच्या गौरवार्थ २०१८ मध्ये रोगकारक बुरशीच्या प्रजातीला क्लॅरिरीडिया हे नाव देण्यात आले.