वाटींतलें पाणी

दीड-दोन वर्षांचें मूल संध्याकाळीं अंगणांत धडपडत असतें, आणि मध्यरात्रीं तेंच मूल आईच्या मांडीवर निपचित पडलेलें असतें, हा अनुभव ज्या घरानें घेतला नाहीं असें घर विरळाच. पडणें, भाजणें, कापणें यांची धास्ती निदान डोळ्यांना दिसते. रक्त दिसलें कीं माणूस धांवतो. हगवण-ओकारीचें तसें नाहीं. ‘दांत येत आहेत, होतें असें,’ म्हणून प्रथम तिकडे दुर्लक्ष होतें, आणि मग कांहीं तासांच्या आंत डोळे खोल जातात, टाळू बसते, चिमटींत धरलेली पोटाची कातडी सोडली तरी लवकर पूर्ववत् होत नाहीं, आणि मूल रडूं लागलें तरी डोळ्यांतून टिपूस येत नाहीं.

आमच्या घरीं हा प्रसंग आला तेव्हां मुलगी पावणेदोन वर्षांची होती. ती तांब्याकडे हात करीत होती आणि आमच्या मातोश्री तांब्या दूर सारीत होत्या. “पाणी देऊं नकोस रे तिला. पोटांत ठरत नाहीं, दिलें कीं पुन्हां होतें,” असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं पांच मुलें वाढविलीं होतीं व दोन गमावलीं होतीं. त्यांच्या मायेविषयीं शंका घेण्याचें कारणच नाहीं. त्या रात्रीं शेजारच्या घरून आलेल्या एका पुडीनें आमचा निभाव लागला. ती पुडी जगांत कशी आली, हें पुष्कळ वर्षांनीं माझ्या वाचनांत आलें.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. पाणी तोडण्याचें खापर केवळ आजीबाईंच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल. अतिसार झालेल्या मुलाचें खाणेंपिणें बंद ठेवून ‘पोटास विश्रांति’ द्यावी, असा उपदेश विसाव्या शतकांत चांगले शिकलेले डॉक्टरहि करीत असत. आपल्याकडे पटकीची सांथ आली म्हणजे मरीआईचा गाडा गांवाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. त्या गाड्यामागून जाणारे बाप आणि नाडी पाहणारे डॉक्टर, दोघेहि मुलाच्या तहानेपुढें सारखेच हतबल होते.

वस्तुतः खरें मर्म फार पूर्वीं हातीं लागलें होतें. १८३१ सालीं इंग्लंडांत पटकी शिरली, तेव्हां ओशॉनेसी नांवाच्या एका तरुण डॉक्टरानें रोग्यांचें रक्त तपासून दाखविलें कीं, त्यांतील पाणी व क्षार निघून गेलेले असतात. पुढील वर्षीं स्कॉटलंडांतील लीथ येथें टॉमस लाटा यानें मिठाचें पाणी थेट शिरेंत सोडून मरणोन्मुख रोगी उठवून बसविले. (हाच ओशॉनेसी पुढें कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें यानेंच उभारलें. मनुष्याची बुद्धि कोठून कोठें जाईल याचा नेम नसतो.) परंतु हा उपाय विस्मृतींत गेला. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनीं तो सुधारून पुन्हां रूढ केला व मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ उतरविलें. मात्र शिरेंतून द्यावयाचें पाणी म्हटलें कीं सुई, नळी, निर्जंतुक बाटली आणि जाणता हात हवा. खेड्यांतील आईजवळ यांतलें काय होतें?

तोंडानें दिलेलें पाणी नुसतें खालून निघून जातें, ही समजूत मोडण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १९५३ सालीं कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं मीठ व ग्लुकोज पाण्यांतून पाजून पटकीचे रोगी बरे केल्याचें प्रसिद्ध केलें, पण तिकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९६० मध्यें रॉबर्ट क्रेन यांनीं प्राग येथील सभेंत कोडें सोडविलें: आंतड्याच्या अस्तरांतून साखरेचा कण मिठाच्या कणाचा जणुं हात धरून आंत शिरतो, आणि त्यांच्यामागून पाणी जातें. पटकीनें आंतडें पाझरूं लागलें तरी हें एक दार उघडेंच राहतें. १९६८ सालीं डाक्का येथें डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या दोघां तरुण डॉक्टरांनीं तें रोग्यांवर सिद्ध करून दाखविलें.

तथापि, हें सर्व देखरेखीच्या खोलींत झालें. खरी परीक्षा १९७१ सालीं झाली. पूर्व बंगालमधून लाखों निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगांवच्या छावण्यांतून पटकी पसरली. तेथें दिलीप महालनबीस नांवाचे बालरोगतज्ज्ञ पोंचले. दोन खोल्या रोग्यांनीं भरलेल्या, रोगी जमिनीवर, सुई टोंचावयास घाणींतच गुडघे टेकावे लागत. आणि शिरेंतून द्यावयाचें पाणी संपत आलेलें. दोन दिवसांत त्यांना दिसून आलें कीं ही लढाई आपण हरत आहों. त्यांनीं २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असें प्रमाण एक लिटर पाण्यास ठरविलें. कलकत्त्यास पुड्या भरल्या, गरम इस्त्रीनें त्यांचीं तोंडें बंद केलीं, आणि छावणींत तें पाणी पिंपांतून ठेवून त्याच्या वाट्या आई, बहीण, आजी, जो कोणी उशाशीं बसला असेल त्याच्या हातीं दिल्या. पूर्वीं शेंकडा तीसच्या सुमारास असलेलें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३.६ वर आलें. माझ्या मतें या हकीकतींतील सर्वांत धाडसाची गोष्ट द्रावणाची नव्हे, वाटी आईच्या हातीं देण्याची आहे. अशिक्षित माणसाच्या हातीं उपचार सोंपवावयाचा, ही कल्पनाच पुष्कळ विद्वानांना रुचली नाहीं. १९७८ सालीं ‘लॅन्सेट’ने मात्र साखर-मिठाच्या या शोधास शतकांतील कदाचित् सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलें.

पुढचें काम स्वतंत्र बांगला देशांत झालें. ‘ब्रॅक’ या संस्थेच्या स्त्रिया १९८० पासून दहा वर्षें घरोघर फिरल्या. पुड्या नव्हत्या, म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. घरांतल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देत. सुमारें १ कोटी २० लाख घरें त्यांनीं पालथीं घातलीं. आईला किती समजलें याची नंतर दुसरें माणूस येऊन परीक्षा घेई, आणि शिकविणारीचा पगार त्या गुणांवर ठरे! तरी आरंभीं आयांना पाठ होतें पण करीत नसत. शोध घेतां असें दिसलें कीं शिकविणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता; त्या स्वतः आजारी पडल्या कीं गोळ्या घेत. पुरुषांनाहि विचारलें नव्हतें, म्हणून तेहि मोडता घालीत. हे दोन दोष काढल्यावर काम मार्गास लागलें.

पाणी पाजणें दिसतें तितकें सोपें नाहीं. दोन वर्षांखालील मुलास घोट नव्हे, चमचा द्यावा लागतो. दर एक-दोन मिनिटांनीं एक. ओकलें तर दहा मिनिटें थांबून पुन्हां, अधिक सावकाश. घरीं केलेलें द्रावण अश्रूंहून खारट असतां कामा नये. मीठ अधिक झालें तर अपाय होतो, म्हणून हल्लीं तयार पुडीच बरी. २००२ पासून तिच्यांतील क्षार-साखरेचें प्रमाणहि कमी केलें आहे. आमच्या घरीं त्या रात्रीं घड्याळ समोर ठेवून मी चमचा धरला होता. दोन चमचे ओकारींतून गेले. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांची नजर मला अजून आठवते. पहांटे मुलीचा लंगोट ओला झाला, आणि त्यांनींच उठून वाटी माझ्या हातून घेतली.

महालनबीस २०२२ सालीं निवर्तले; दुसऱ्या वर्षीं सरकारनें त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलें. अजूनहि जगांत पांच वर्षांखालील चार लाखांवर मुलें दरवर्षीं अतिसारानें जातात. आपल्याच देशांतील अलीकडच्या एका पाहणींत आढळलें कीं, डॉक्टरांना पुडीचें महत्त्व ठाऊक असतें, परंतु आईबापांना औषधच हवें असेल अशा समजुतीनें ते ती लिहून देत नाहींत. आणि आईबापांनीं आपण होऊन पुडीचें नांव काढलें तर पुष्कळदां देतात.