खोत घराणी, कोकणातील
खोत घराणी, कोकणातील : गावाचा सारा सरकारात भरण्याची हमी घेऊन तो रयतेकडून वसूल करणारी वंशपरंपरागत घराणी. रत्नागिरी व कुलाबा (विद्यमान रायगड) जिल्ह्यांत ही पद्धत ब्रिटिशपूर्व काळापासून रूढ होती. खोत हा वस्तुतः मध्यस्थ. तथापि एकोणिसाव्या शतकात तो स्वतःस गावाचा धनी समजू लागला. त्यातून उद्‌भवलेले तंटे मिटविण्यासाठी १८८० चा खोती कायदा करण्यात आला.

खोतपण वारसाहक्काने विभागले जाई व तक्षीमदार भाऊबंद पाळीपाळीने गावाची वहिवाट करीत. पिढ्यागणिक हिस्से बारीक होत गेल्याने अनेक कुटुंबांना नोकरीची वाट धरावी लागली. दापोली तालुक्यातील चिखलगावच्या टिळक घराण्यात हे स्पष्ट दिसते. केशवराव हे पेशवाईत अंजनवेलचे महालकरी होते. १८१८ च्या राज्यक्रांतीनंतर त्यांनी ते पद सोडले. त्यांचे नातू गंगाधरपंत (१८२०–७२) शिक्षक झाले व पुढे शिक्षणखात्यात चढले. खोतीचे उत्पन्न बेताचेच होते. पण तिची प्रतिष्ठा घराण्यास चिकटून राहिली. गंगाधरपंतांचे पुत्र लोकमान्य टिळक यांनी केसरीतून खोतांची बाजू मांडली, हे त्यांच्या चरित्रकारांनाही थोडे अडचणीचेच वाटते.

कुळाचे जीवन मात्र वेगळे. अर्धेलीच्या जमिनीवर निम्मे पीक खोताच्या कोठारात जाई. शिवाय नांगरणी, घरशाकारणी, लाकूडफाटा यांसाठी वेठ. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळेवाल्यांच्या गुलामांप्रमाणे (१८६५ पूर्वी) कुळाची विक्री होत नसे, पण पोटाला दुसरा आधार नसल्याने जमीन सोडून जाण्याचे त्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच असे. खोताची वंशावळ तक्षिमांच्या कागदांतून जुळविता येते. कुळाच्या आजोबाचे नाव बहुधा बाकीच्या नोंदीत सापडते.

गव्हाण व न्हावे या पनवेलच्या खाडीपट्ट्यात खारबंदिस्तीची शेती होती. भरतीचे पाणी रोखणाऱ्या बांधांवरच तेथील भाताचे पीक अवलंबून असे. कुलाब्याच्या खारजमिनींत शिलोत्री पद्धती होती. तीत बांधांच्या दुरुस्तीसाठी कुळाला धान्य द्यावे लागे.

१९३३ मध्ये अलिबागनजीकच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली. १९७० नंतर नवी मुंबईसाठी गव्हाण परिसरातील जमिनी संपादित झाल्या, तेव्हा मोबदल्याचा हक्क ठरविताना सातबाऱ्यावरील नाव निर्णायक ठरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई व दास्तान फाटा येथील आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू पावले. त्यानंतर भूधारकांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली.