दिल्लीत तिकीट न काढता काय काय पाहता येतं?

आपल्या घरांतून दिल्लीला केवळ फिरायला म्हणून जाणारे थोडेच. कुणाला जामियाच्या प्रवेशासाठी जायचं असतं, कुणी पेशंटला घेऊन एम्सला जातं, कुणाचं मरकजला जाणं असतं, कुणाच्या नात्यात शादी. काम एका दिवसाचं असतं आणि परतीचं रिझर्व्हेशन मिळतं चौथ्या दिवसाचं. मधले दिवस लॉजच्या खोलीत जातात, नाहीतर टूरवाल्याच्या बसमधून पाच ठिकाणं धावत पाहिली जातात. घरी आल्यावर मुलांना विचारलं, दिल्लीत काय पाहिलं, तर उत्तर येतं, लाल किल्ला आणि आइस्क्रीम. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. यातली बहुतेक ठिकाणं अशी आहेत की जिथे खर्च फक्त मेट्रोचा आणि चालण्याचा.

आधी तिकिटाचा हिशेब. लाल किल्ला, कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा या तिन्हींना तिकीट आहे, पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्ये 15 वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. म्हणजे तीन मुलांचं घर असेल तरी तिकीट फक्त आई-वडिलांचं. वयाचा पुरावा म्हणून मुलांचं आधार कार्ड मोबाइलमध्ये ठेवावं. आणि सोमवार सोडून कार्यक्रम ठरवावा. लाल किल्ला, गांधी स्मृती, गालिबची हवेली ही सगळी सोमवारी बंद असतात.

जामा मस्जिद आणि आसपास

व्हायोलेट लाइनवर ‘जामा मस्जिद’ नावाचंच स्टेशन आहे, उतरून मस्जिद चालत गाठता येते. शाहजहानने 1644 मध्ये काम सुरू केलं, 1656 मध्ये ते पूर्ण झालं. नमाजसाठी जाणाऱ्याला अर्थातच काही द्यावं लागत नाही, पाहायला येणाऱ्यालाही प्रवेश खुला आहे. मिनारावर चढायचं असेल तर मात्र वेगळं तिकीट. कॅमेऱ्याचे पैसे मागतात, त्यावरून दारात वाद घालण्यापेक्षा आधीच विचारून घ्यावं. उन्हाळ्यात दुपारी सहनातला दगड एवढा तापतो की मोज्यांशिवाय पाय टेकवत नाहीत, लहान मुलांसाठी मोजे बरोबर ठेवा. आमच्या मते अस्रच्या थोडं आधी पोहोचावं, जमातीने नमाज अदा करावी आणि मगरिबपर्यंत पूर्वेच्या पायऱ्यांवर बसावं. समोर लाल किल्ला दिसतो, खाली बाजार. मुलांना शहाजहानाबाद म्हणजे काय ते तिथे बसून सांगता येतं, पुस्तकात नकाशा दाखवून सांगता येत नाही.

याच पूर्वेच्या पायऱ्यांखाली सरमद शहीदची लाल रंगाची मजार आहे, शेजारी हरे भरे शाहांची हिरवी. आणि मस्जिद व लाल किल्ल्याच्या मधल्या बागेत मौलाना आझाद दफन आहेत. इथे लोक फारसे जात नाहीत याचं आम्हाला नेहमी वाईट वाटतं. 1947 च्या ऑक्टोबरमध्ये, दिल्लीचे मुसलमान गठडी बांधून निघत असताना, मौलानांनी याच मस्जिदीतून त्यांना थांबायला सांगितलं होतं. आपल्या शाळांतून 11 नोव्हेंबरला त्यांच्या नावाचा शिक्षण दिन होतो, भाषणं होतात. पण त्यांची कबर कुठे आहे हे भाषण करणाऱ्या मुलालाही ठाऊक नसतं. कबरीवर साधी छत्री आहे, वास्तुकार हबीब रहमान यांनी बांधलेली. मजारीचं फाटक कधी कुलूपबंद असतं, तर जाळीबाहेरून फातिहा पढावी.

तिथून तुर्कमान गेटकडे चालत जा. वाटेत विचारायचं ते ‘बुलबुलीखाना’. रस्ता अरुंद होत जातो, आपण चुकलो असं वाटतं, आणि मग घरांच्या भिंतींमध्ये एक उघडा चौक लागतो. त्यात दोन कबरी. त्यातली एक रझिया सुलतानची मानली जाते. वर छत नाही, गुंबद नाही. 1236 ते 1240 दिल्लीच्या तख्तावर बसलेली ही एकच बाई, आणि तिच्या नशिबी एवढीच जागा. मुली बरोबर असतील तर ही भेट टाळू नका. सातवीत तिच्यावर दोन ओळी शिकलेली मुलगी इथे आली की प्रश्न विचारायला लागते. हरियाणातल्या कैथलमध्येही रझियाची कबर सांगतात, तेही मुलींना सांगावं, इतिहासात असे वाद असतात हे कळायला हवं. जवळच 1387 ची कलाँ मस्जिद आहे, तुघलकांच्या काळातली, म्हणजे जामा मस्जिदीपेक्षा जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी जुनी. तिथे आजही पाच वक्त नमाज होते.

चावडी बाजार स्टेशनकडून बल्लीमारानमध्ये शिरलं की गली कासिम जानमध्ये मिर्झा गालिबची हवेली. आहे ती दोन-तीन खोल्यांचीच, बाकीचा भाग केव्हाच दुकानांत गेला. पाहायला वीस मिनिटं पुरतात. उर्दू वाचणाऱ्या मुलांना भिंतींवरचे शेर वाचायला लावा, अटकतील तिथे मदत करा.

बस्ती निजामुद्दीन

मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांना हे नाव पाठ असतं, कारण राजधानी, दुरोंतो, गोवा एक्सप्रेस अशा आपल्याकडच्या अनेक गाड्या हजरत निजामुद्दीन स्टेशनलाच संपतात. पण नाव ज्यांचं, त्यांच्याकडे न जाताच बरेच लोक रिक्षा पकडून निघून जातात. दर्ग्यावर जाण्याबाबत आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत, त्यात आम्ही पडत नाही. इतिहास म्हणून पाहायचं तरी इथे सातशे वर्षं एका जागी उभी आहेत. हजरत निजामुद्दीन औलिया 1325 मध्ये गेले, त्याच वर्षी काही महिन्यांनी त्यांचे मुरीद अमीर खुसरो. दोघांच्या कबरी एकाच आवारात आहेत. तिथेच शाहजहानची मुलगी जहाँआरा हिची कबर आहे, संगमरवरी जाळीच्या आत, वर छत नाही आणि कबरीवर माती आणि गवत. चांदनी चौक वसवणारी शाहजादी ती हीच.

गुरुवारी संध्याकाळी कव्वाली असते आणि गर्दी फार. लहान मुलं असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. कबरीच्या खोलीत बायकांना आत सोडत नाहीत, बाहेरच्या जाळीजवळ बसता येतं. हे आधीच सांगून ठेवलं की ऐनवेळी मन दुखावत नाही. प्रवेशाला पैसे नाहीत. गल्लीतले फुलवाले चप्पल ठेवून घेतात आणि चादर-फुलं घ्यायला लावतात, आत कुणी वही पुढे करून नाव लिहा, रक्कम लिहा म्हणतं. द्यायचं असेल ते खुशीने द्या, नसेल तर नम्रपणे नाही म्हणून पुढे जा. न दिल्याने जियारत अधुरी राहत नाही.

बाहेर येताच गालिबची मजार आणि तिला लागून चौसष्ट खंबा. अकबराचा दूधभाऊ मिर्झा अजीज कोका याचा हा मकबरा, 64 संगमरवरी खांबांवर उभा. हुमायूनच्या मकबऱ्यासाठी रांगा लागतात आणि इथे दुपारी पोरं सावलीत अभ्यास करत बसलेली असतात.

मेहरौली: सकाळीच जा

कुतुबमिनार पाहिला की लोक परत फिरतात. त्याच्या शेजारीच मेहरौली आर्कियॉलॉजिकल पार्क आहे, दोनशे एकरांहून मोठं आणि पूर्ण मोफत. आत बलबनचा मकबरा, राजों की बावली आणि जमाली-कमालीची 1528-29 ची मस्जिद. सूफी शायर जमाली मस्जिदीशेजारच्या छोट्या खोलीत दफन आहेत. त्या खोलीचं छत आतून निळ्या-लाल नक्षीने भरलेलं आहे, चौकीदाराला विनंती केली तर उघडून दाखवतो. रान वाढलेलं आहे, वाटा सुनसान आहेत, त्यामुळे सकाळी आणि सगळ्यांनी मिळून जावं, संध्याकाळी नको.

मग मेहरौली गावात ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचा दर्गा, आणि त्याला चिकटून जफर महल. पडझड झालेला, पण मराठी माणसाने जरूर पाहावा. शेजारच्या मोती मस्जिदीच्या आवारात बादशहा शाह आलम दुसरा दफन आहे. हा तोच, ज्याला महादजी शिंद्यांनी 1772 मध्ये दिल्लीत आणून पुन्हा तख्तावर बसवलं, आणि 1788 मध्ये गुलाम कादिरने डोळे काढल्यावर महादजींच्याच फौजेने सोडवलं. मराठे विरुद्ध मुसलमान एवढंच ऐकत वाढलेल्या मुलांना हा प्रसंग सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही. त्याच ओळीत एक जागा रिकामी आहे. बहादूर शाह जफरने ती स्वतःसाठी ठेवली होती. 1862 मध्ये त्याला रंगूनची माती मिळाली.

मेहरौलीबरोबर गांधी स्मृतीही त्याच दिवशी जोडून घ्यावी. यलो लाइनने लोक कल्याण मार्गला उतरायचं. जानेवारी 1948 मध्ये गांधीजींनी इथल्या बिर्ला हाउसमध्ये शेवटचा उपवास केला तो दिल्लीतल्या मुसलमानांच्या जिवासाठी. मेहरौलीच्या दर्ग्याचा उर्स पूर्वीसारखा भरावा, मुसलमानांना तिथे निर्भयपणे जाता यावं, ही त्यांची एक अट होती. उपवास 18 जानेवारीला सुटला, 27 ला ते स्वतः उर्सला गेले, 30 ला त्यांचा खून झाला. हवेलीतून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उमटवलेली आहेत. प्रवेश मोफत.

या जुन्या वास्तू पुढच्या खेपेला पाहू, असं म्हणू नये. मेहरौलीतलीच शेकडो वर्षांची अखूंदजी मस्जिद 30 जानेवारी 2024 च्या पहाटे पाडली गेली.

आणखी काही

लोदी गार्डनला जोर बाग स्टेशनवरून जाता येतं. सय्यद आणि लोदी सुलतानांचे मकबरे, आजूबाजूला हिरवळ, डबा खायला उत्तम. बडा गुंबदाला लागून असलेल्या 1494 च्या मस्जिदीतली चुन्याची नक्षी बारकाईने पाहण्यासारखी आहे.

इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकालाही तिकीट नाही. परमवीर चक्रवाल्यांच्या पुतळ्यांत हवालदार अब्दुल हमीद यांचा पुतळा शोधायला मुलांना सांगा. 1965 ला खेमकरणमध्ये जीपवरच्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे उडवणारे ते हेच. जामियाला कामानिमित्त गेलात तर मॅजेंटा लाइनने उतरा, आवारात डॉ. जाकिर हुसेन यांची मजार आहे आणि जवळच्या कबरस्तानात ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. फाळणीच्या वेळी पाकिस्तानी फौजेत जायला नकार देऊन ते 3 जुलै 1948 ला काश्मीरमध्ये शहीद झाले.

जेवणाची अडचण झाली तर पटेल चौक स्टेशनजवळच्या बंगला साहिब गुरुद्वारात लंगर दिवसभर चालतो. जेवण शाकाहारी असल्याने हलालचा प्रश्नच येत नाही. डोकं झाकायचं, चपला काउंटरवर द्यायच्या, त्याचेही पैसे नाहीत. पंगतीत बसून जेवल्यावर थोडा वेळ पोळ्या लाटायला किंवा भांडी धुवायला गेलात तर कुणी अडवत नाही, मुलांना तर फार आवडतं.

हवामानाचं एवढंच, की आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत दिल्ली भट्टी असते आणि दिवाळीच्या सुट्टीत धुराने डोळे चुरचुरतात, दमा असलेल्यांनी तर त्या दिवसांत टाळावंच. फेब्रुवारी उत्तम. तेव्हा राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही काही आठवडे मोफत खुलं असतं, ऑनलाइन नाव नोंदवून वेळ घेता येते, आणि सोमवारी तेही बंद.